क्रियाविशेषण कुठे बसवायचे?

बसवनगुडी ही बंगळुरूच्या दक्षिण भागातली जुनी वस्ती. ‘बसव’ म्हणजे नंदी आणि ‘गुडी’ म्हणजे देऊळ. एकाच शिळेतून घडवलेल्या इथल्या भल्यामोठ्या नंदीवरून वस्तीला हे नाव मिळाले. १८९८ साली शहरात प्लेग पसरला, तेव्हा दाटीवाटीच्या पेठांतून माणसांना मोकळ्या हवेत हलवण्याची निकड भासली आणि उत्तरेला मल्लेश्वरम, दक्षिणेला बसवनगुडी अशा दोन वसाहती वाढल्या. मुंबईत जन्मलेले बी. पी. वाडिया यांनी १९४५ साली ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर’ ही संस्था काढली ती याच वस्तीत. गांधी बाजारातली फुलांची दुकाने, १९४३ पासून चालत आलेल्या ‘विद्यार्थी भवन’मधला डोसा आणि कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी भरणारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, ही या वस्तीची ओळख.

अशा ठिकाणी एखाद्या मराठी कुटुंबाला नोकरीनिमित्त घर भाड्याने घ्यायचे आहे असे समजू या. घरमालक कन्नडभाषक, भाडेकरू मराठी आणि दोघांमधला करारनामा इंग्रजीत! बंगळुरूत अनामत रक्कम म्हणून दहा महिन्यांचे भाडे मागण्याची जुनी पद्धत आहे. भाडे वीस हजार असेल तर अनामत झाली दोन लाख रुपये. एवढी रक्कम कोणत्या अटीवर परत मिळणार, हे करारातल्या एका वाक्यावर ठरते. आता ही दोन वाक्ये पाहा.

‘द डिपॉझिट इज टु बी फुल्ली रिफंडेड ऑन व्हेकेटिंग द हाउस.’

‘द डिपॉझिट इज टु बी रिफंडेड ऑन फुल्ली व्हेकेटिंग द हाउस.’

शब्द तेच, संख्या तीच. फक्त ‘फुल्ली’ हा शब्द उठून दुसरीकडे जाऊन बसला. पहिल्या वाक्यात घर सोडल्यावर अनामत पूर्णपणे परत मिळायची आहे. दुसऱ्या वाक्यात घर पूर्णपणे रिकामे केल्यावर अनामत परत मिळायची आहे. पूर्ण मिळेल की कापून, याबद्दल वाक्य गप्प आहे. एका शब्दाच्या जागेवर दोन लाखांचा हिशेब अवलंबून असू शकतो. म्हणून या वेळी आपण हाच विषय घेऊ. इंग्रजीतल्या ‘टु बी’ आणि क्रियापदाचे तिसरे रूप या जोडीबरोबर, म्हणजे पॅसिव्ह इन्फिनिटिव्हबरोबर, क्रियाविशेषण नेमके कुठे बसवायचे?

‘टु बी टेकन’ म्हणजे ‘घ्यावी’

पॅसिव्ह इन्फिनिटिव्ह हे नाव ऐकून दचकू नका. हे रूप आपल्या घरात रोज येते. औषधाच्या बाटलीवर ‘टु बी टेकन आफ्टर मील्स’ असते, अर्जावर ‘टु बी फिल्ड इन ब्लॉक लेटर्स’ असते, पाकिटावर ‘टु बी ओपन्ड बाय अ‍ॅड्रेसी’ असते. औषध, अर्ज, पाकीट यांनी स्वतः काही करायचे नाही. त्यांच्या बाबतीत कुणीतरी काहीतरी करायचे आहे. म्हणून हे रूप कर्मणी.

मराठीत याला जवळचे रूप शोधायला लांब जावे लागत नाही. ‘गोळी जेवणानंतर घ्यावी.’ ‘अर्ज सुवाच्य अक्षरात भरावा.’ ‘पादत्राणे बाहेर काढावीत.’ देवळातली, बँकेतली, दवाखान्यातली प्रत्येक मराठी पाटी या रूपावर उभी आहे. क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: गोळी घ्यावी, काढा घ्यावा, औषध घ्यावे, गोळ्या घ्याव्यात. घेणारा कोण, हे पाटी सांगत नाही. ज्याला लागू असेल त्याने समजून घ्यायचे. इंग्रजीतल्या ‘टु बी टेकन’चेही काम नेमके हेच.

आता मराठी पाटीत क्रियाविशेषण कुठे बसते ते बघा. ‘अर्ज काळजीपूर्वक भरावा.’ ‘बाटली नीट हलवावी.’ ‘नळ घट्ट बंद करावा.’ काळजीपूर्वक, नीट, घट्ट हे शब्द आपापल्या क्रियापदाला अगदी खेटून, त्याच्या लगेच आधी बसले आहेत. कन्नडमध्येही क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि क्रियाविशेषण त्याच्या आधी. आपण ‘लवकर या’ म्हणतो, कन्नड माणूस ‘बेग बन्नि’ म्हणतो. म्हणजे बसवनगुडीतला घरमालक आणि त्याचा मराठी भाडेकरू यांच्या भाषा वेगळ्या असल्या, तरी या बाबतीत कान सारखाच आहे. अडचण येते ती दोघे इंग्रजीत शिरल्यावर.

आणि गंमत अशी की पॅसिव्ह इन्फिनिटिव्हमध्ये अडचण यायचे कारण नाही! ‘टु बी केअरफुली फिल्ड’ हे शब्द ओळीने मराठीत उतरवा: ‘काळजीपूर्वक भरावा.’ ‘केअरफुली’ हा शब्द ‘फिल्ड’ या मुख्य क्रियापदाच्या लगेच आधी आहे. मराठीत तो जिथे बसतो, तिथेच. आपला मराठी कान इंग्रजीत अनेकदा फसवतो, पण इथे तो चांगला वाटाड्या आहे. मग आपण या जागी शब्द ठेवायला का कचरतो? त्याचे उत्तर शाळेत सापडते.

एका नियमाची भीती

‘टु आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये’ हा नियम अनेकांनी शाळेत ऐकलेला असतो. ‘टु केअरफुली रीड’ चूक, ‘टु रीड केअरफुली’ बरोबर. मधे शब्द घातला की इन्फिनिटिव्ह ‘फुटते’, आणि फुटलेले इन्फिनिटिव्ह म्हणजे अडाणीपणाची खूण!

हा नियम इंग्रजीइतका जुना नाही. १८६४ साली कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी शुद्ध इंग्रजीवरच्या आपल्या पुस्तकात अशा फुटक्या रूपावर आक्षेप घेतला आणि त्यानंतर मास्तरांनी तो उचलून धरला. पुढे कारण दिले जाऊ लागले ते लॅटिनचे. लॅटिनमध्ये हे रूप एकाच शब्दाचे असते, त्यामुळे ते फोडता येत नाही. मग इंग्रजीनेही फोडू नये. आपल्याला हे कारण पटकन पटते, कारण संस्कृतातले ‘कर्तुम्’ आणि मराठीतले ‘करायला’ हेही एकेकच शब्द आहेत. पण इंग्रजीत ते दोन शब्द आहेत, आणि दोन शब्दांमध्ये फट असणारच.

१९२६ साली एच. डब्ल्यू. फाउलर यांचा इंग्रजी वापराचा कोश निघाला. त्यात या भीतीचा त्यांनी चांगलाच समाचार घेतला आहे. अर्थ स्पष्ट होत असेल तर इन्फिनिटिव्ह फोडायला हरकत नाही, असे त्यांचे मत. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. ‘टु रिअली बी अंडरस्टुड’ हे फुटलेले रूप आहे, कारण ‘टु’ आणि ‘बी’ यांच्यामध्ये शब्द आला. ‘टु बी रिअली अंडरस्टुड’ हे मात्र फुटलेले नाही. ‘टु’ आणि ‘बी’ एकमेकांना धरून आहेत. शब्द आला आहे तो ‘बी’नंतर. म्हणजे जुना नियम कडकपणे पाळायचा म्हटला, तरी ‘बी’ आणि तिसरे रूप यांच्यामधली जागा मोकळीच आहे. नियमाची भीती बाळगणारे लोक त्या मोकळ्या जागेलाही घाबरतात आणि क्रियाविशेषण उचलून लांब कुठेतरी टाकतात, हे फाउलरना खटकले होते.

ही भीती मोठ्यामोठ्यांनाही सोडत नाही. २० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्यांना शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी ‘फेथफुली’ हा शब्द क्रियापदाच्या आधीच्या जागेवरून काढून वाक्याच्या शेवटी नेला. ओबामा क्षणभर अडखळले. शंकेला जागा नको म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथ पुन्हा घेण्यात आली. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी त्यावर लेख लिहून अंदाज केला, की क्रियापदाचे भाग तोडून मधे शब्द घालू नये या समजुतीची सवय रॉबर्ट्स यांना नडली असावी. अंदाज खरा असो वा नसो, एका क्रियाविशेषणाची जागा चुकल्यामुळे जगातल्या सर्वात गाजलेल्या शपथेची पुनरावृत्ती झाली, एवढे खरे.

आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेतही क्रियाविशेषणाची जागा पाहण्यासारखी आहे. इंग्रजी मजकुरात ‘सॉलेम्‌ली’ हा शब्द ‘रिझॉल्व्हड’ला लागून येतो आणि मराठी मजकुरात ‘संकल्पपूर्वक’ हा शब्द ‘निर्धार’ला लागून येतो. गांभीर्य निर्धाराचे आहे, हे दोन्ही भाषांत एका नजरेत कळते.

नंदी आणि देव

महादेवाच्या देवळात नंदी कुठे बसतो? देवाकडे तोंड करून, समोर. मधे कुणी बसू नये म्हणून आपल्या आया-आज्या किती जपतात! बसवनगुडीच्या देवळात नंदी हेच मुख्य दैवत असल्याने त्याचा मान वेगळा. क्रियाविशेषणाला मात्र तो मान नाही. त्याला आपल्या देवाजवळच, म्हणजे ज्या शब्दाबद्दल ते बोलते त्याच्याजवळच, बसले पाहिजे. एवढे लक्षात ठेवले की बाकीच्या गोष्टी सोप्या होतात.

पहिली गोष्ट. क्रिया कशी किंवा किती प्रमाणात व्हावी हे सांगणारे एका शब्दाचे क्रियाविशेषण ‘बी’ आणि तिसरे रूप यांच्यामध्ये छान बसते. ‘टु बी प्रॉपर्ली क्लीन्ड’, ‘टु बी फुल्ली रिफंडेड’, ‘टु बी कम्प्लीटली अव्हॉइडेड’. प्रमाण सांगणाऱ्या ‘फुल्ली’, ‘कम्प्लीटली’, ‘बॅड्ली’ या शब्दांना ही जागा विशेष मानवते. ‘बॅड्ली नीडेड’ म्हणजे अत्यंत गरजेचे. ‘नीडेड बॅड्ली’ म्हटले तरी कळेल, पण पहिल्यातला ठसका दुसऱ्यात नाही.

दुसरी गोष्ट. रीत सांगणारे क्रियाविशेषण तिसऱ्या रूपाच्या नंतरही चालते. ‘टु बी क्लीन्ड प्रॉपर्ली’ हेही शुद्धच. बंगळुरूत घराखाली पाण्याची टाकी असते, तिला तिथे ‘संप’ म्हणतात. ‘द संप इज टु बी रेग्युलर्ली क्लीन्ड’ आणि ‘द संप इज टु बी क्लीन्ड रेग्युलर्ली’ यांत अर्थाचा फरक नाही. पण पुढे वाक्य लांबले, तर मधली जागा अधिक सुरक्षित. ‘टु बी क्लीन्ड बाय अ पर्सन अपॉइंटेड बाय द ओनर रेग्युलर्ली’ असे लिहिले, की टाकी नियमितपणे साफ करायची की माणूस नियमितपणे नेमायचा, असा प्रश्न पडतो.

तिसरी गोष्ट. वेळ, वार, वारंवारिता ठरवून सांगणारे शब्द शेवटी जातात. ‘टु बी टेकन डेली’, ‘टु बी पेड मन्थली’, ‘टु बी अप्लाइड ट्वाइस अ डे’. इथे मराठी कान थोडा आवरायचा. आपण ‘दिवसातून दोनदा लावावे’ म्हणतो, म्हणून ‘टु बी ट्वाइस अ डे अप्लाइड’ लिहायचे नाही.

चौथी गोष्टही कान आवरण्याचीच. क्रियाविशेषण एका शब्दाचे नसून शब्दसमूह असेल, तर तो मधे कोंबायचा नाही. ‘मोठ्या काळजीने बांधावे’ याचे ‘टु बी विथ ग्रेट केअर पॅक्ड’ होत नाही. ‘टु बी पॅक्ड विथ ग्रेट केअर’ होते. मधली जागा एकट्या पाहुण्यापुरती आहे, वऱ्हाडापुरती नाही.

पाचवी गोष्ट. नकार ‘टु’च्या आधी. ‘नॉट टु बी टेकन ऑन अ‍ॅन एम्प्टी स्टमक’, ‘नेव्हर टु बी लेफ्ट ओपन’. नकार वाक्याच्या तोंडाशीच भेटला की वाचणारा सावध होतो.

आणि भूतकाळाचे लांबलचक रूप आले, ‘टु हॅव बीन इन्फॉर्म्ड’ सारखे, तर क्रियाविशेषण ‘बीन’नंतर आणि तिसऱ्या रूपाच्या आधी: ‘टु हॅव बीन प्रॉपर्ली इन्फॉर्म्ड’. तत्त्व तेच, मुख्य क्रियापदाच्या उंबऱ्याशी.

बदलीचा अर्ज

वाक्यात एकच क्रियापद असेल तोवर हे सारे सरळ चालते. खरी परीक्षा दोन क्रियापदे आल्यावर. सरकारी नोकरीतल्या एखाद्या गृहस्थाला बदली हवी आहे. ते इंग्रजीत अर्ज लिहितात: ‘आय हॅव रिपीटेडली रिक्वेस्टेड टु बी ट्रान्सफर्ड.’ म्हणजे, बदली व्हावी अशी विनंती मी वारंवार केली आहे. उत्तम. आता ‘रिपीटेडली’ हा शब्द दुसरीकडे नेऊ. ‘आय हॅव रिक्वेस्टेड टु बी रिपीटेडली ट्रान्सफर्ड.’ म्हणजे, माझी वारंवार बदली करावी अशी विनंती मी केली आहे! साहेबांनी ती मान्य केली, तर गृहस्थांचे बिऱ्हाड कायम टेंपोतच राहायचे.

यातला सर्वात फसवा प्रकार तिसरा. ‘आय हॅव रिक्वेस्टेड रिपीटेडली टु बी ट्रान्सफर्ड.’ इथे ‘रिपीटेडली’ दोन क्रियापदांच्या बरोबर मधे बसले आहे. एका बाजूला विनंती, दुसऱ्या बाजूला बदली. दारी आलेल्या नंदीबैलासारखे ते दोन्हीकडे मान हलवते. या वाक्यात व्यवहारज्ञानामुळे अर्थ लागतो, कारण वारंवार बदली कुणी मागत नाही. पण ‘द टेनंट हॅज अ‍ॅग्रीड इमीजिएटली टु बी शिफ्टेड’ या वाक्यात काय समजायचे? भाडेकरूने लगेच होकार दिला, की लगेच हलायला होकार दिला? दोन्ही अर्थ शक्य आहेत आणि दोन्हींत संसाराचा प्रश्न आहे. ‘इमीजिएटली अ‍ॅग्रीड’ किंवा ‘टु बी शिफ्टेड इमीजिएटली’ यांपैकी एक लिहिले की वाद संपला.

या ठिकाणी ‘टु बी’मधली ती मोकळी जागा खरी उपयोगी पडते. ‘बी’ आणि तिसरे रूप यांच्यामध्ये बसलेल्या शब्दाला दुसरीकडे पाहताच येत नाही. त्याच्या दोन्ही हातांना एकाच क्रियापदाचे भाग आहेत. करार, मृत्युपत्र, अर्ज, तक्रार अशा कागदांत हा भरवसा मोलाचा.

‘ओन्ली’ची करामत

क्रियाविशेषणांत सर्वात चंचल शब्द ‘ओन्ली’. तो ज्याच्या शेजारी बसतो त्यालाच बंधन घालतो. पुन्हा बसवनगुडीच्या करारनाम्याकडे येऊ. बंगळुरूत घर सोडताना रंगकामासाठी एका महिन्याचे भाडे अनामतीतून कापण्याची प्रथा सर्रास आढळते. करारात असे लिहिता येईल: ‘ओन्ली वन मन्थ्स रेंट इज टु बी डिडक्टेड फॉर पेंटिंग.’ इथे बंधन रकमेवर आहे. रंगासाठी एका महिन्याहून अधिक कापायचे नाही. किंवा असे: ‘वन मन्थ्स रेंट इज टु बी डिडक्टेड ओन्ली फॉर पेंटिंग.’ इथे बंधन कारणावर आहे. हे एक महिन्याचे भाडे रंगासाठीच कापायचे, अन्य कारणासाठी नाही. भाडेकरूला दोन्ही बंधने हवी असतील, तर दोन वाक्ये लिहून घ्यावी लागतील. एका ‘ओन्ली’ने दोन्ही कामे होत नाहीत.

आणखी एक कलम. ‘द हाउस इज टु बी यूज्ड ओन्ली फॉर रेसिडेन्स बाय द टेनंट.’ घर राहण्यासाठीच वापरायचे, दुकान काढायचे नाही, असा याचा रोख. हेच कलम ‘द हाउस इज टु बी यूज्ड फॉर रेसिडेन्स बाय द टेनंट ओन्ली’ असे लिहिले, की रोख माणसावर जातो. राहायचे ते भाडेकरूनेच. मग पुण्याहून सासूबाई दोन महिन्यांसाठी नातवंडांकडे आल्या तर? घरमालक समजूतदार असेल तर काहीच होणार नाही. पण कागद समजूतदार माणसांसाठी करत नाहीत, समजूत बिघडेल त्या दिवसासाठी करतात. वाद झालाच तर वकील सगळा करार पाहतील. पण तिथवर जाण्याआधी एक शब्द उचलून योग्य जागी ठेवता येतो आणि त्याला फी पडत नाही.

औषधाच्या बाटलीवर

करारनामा अकरा महिन्यांतून एकदा, औषध मात्र घरोघरी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या ज्या औषधांना ‘शेड्यूल एच’ म्हणतात, त्यांच्या वेष्टनावर १९४५ च्या औषधविषयक नियमांनुसार इशारा छापलेला असतो. जुन्या वेष्टनांवर तो ‘टु बी सोल्ड बाय रिटेल’ अशा शब्दांनी सुरू होई आणि ‘ओन्ली’ शेवटी, डॉक्टरांच्या उल्लेखानंतर येई. वाक्य लांब, अक्षर बारीक आणि बंधन घालणारा शब्द अगदी टोकाला. नंतर हा मजकूर बदलण्यात आला. आता तो ‘नॉट टु बी सोल्ड’ असा नकारानेच सुरू होतो आणि पुढे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नको, असे सांगतो. ‘ओन्ली’ची गरज उरली नाही. अर्थ जवळजवळ तोच, पण अर्धवट वाचणाऱ्यालाही पहिल्या शब्दात थांबवणारा.

याहून जपण्याजोगी जोडी ‘डेली’ आणि ‘वीकली’ची. मेथोट्रेक्सेट हे औषध ऱ्हुमॅटॉइड संधिवातासारख्या आजारात साधारणपणे आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेले तर ते जिवावर बेतू शकते, आणि अशा चुका अनेक देशांत झालेल्या आहेत. म्हणून २०१९ साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने या औषधाच्या वेष्टनावरच्या इशाऱ्यांपासून रुग्णाच्या माहितीपत्रकापर्यंत नवे उपाय सुचवले. ‘टु बी टेकन वीकली’ या चार शब्दांत सर्व जबाबदारी शेवटच्या शब्दावर आहे. वयस्कर माणसे चष्मा शोधत पहिले तीन शब्द वाचतात आणि चौथा सवयीने ‘डेली’ समजतात. म्हणून घरातल्यांनी मोठ्या मराठी अक्षरांत चिठ्ठी चिकटवावी: ‘आठवड्यातून एकदाच, अमुक वारी’. वाराचे नाव घातले की शंका उरत नाही. कोणता वार, हे मात्र डॉक्टरांकडून किंवा औषध दुकानातल्या फार्मासिस्टकडून पक्के करून घ्यावे.

‘बायवीकली’ हा शब्द तर टाळलेलाच बरा. आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असे त्याचे दोन्ही अर्थ शब्दकोशात आहेत. चिठ्ठीवर तो दिसला तर विचारायला संकोच करू नका. विचारणाऱ्याचे इंग्रजी कच्चे ठरत नाही. शब्दच मुळात दोन तोंडांचा आहे.

सही करण्याआधी

व्याकरणाचा हा धडा परीक्षेतल्या दोन गुणांसाठी नाही. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेल्या पी. सी. रेन यांनी मार्टिन यांच्यासह लिहिलेले इंग्रजी व्याकरण आपल्या कित्येक पिढ्यांनी घोकले. पण ज्या कागदावर सही करायची, तो वाचताना ते घोकलेले आठवतेच असे नाही. म्हणून एक सोपी सवय लावून घ्यावी.

कोणताही इंग्रजी कागद हाती आला की ‘टु बी’ जिथे जिथे दिसेल तिथे पेन्सिलीने रेघ मारा. त्या वाक्याचे मराठीत ‘-वा, -वी, -वे’ करून पाहा: परत करावी, कापावे, भरावा, घ्यावी. मग त्या वाक्यातले क्रियाविशेषण, म्हणजे ‘फुल्ली’, ‘ओन्ली’, ‘इमीजिएटली’, ‘वीकली’ जे काही असेल ते, शोधा आणि विचारा, हा शब्द कुणाबद्दल बोलतो? उत्तर एकच आले तर पुढे जा. दोन आली तर सही थांबवा आणि तो शब्द ‘बी’ आणि तिसरे रूप यांच्यामध्ये, किंवा ज्याला बंधन घालायचे त्याच्या अगदी शेजारी, बसवून मागा. घरमालकाला यात राग येण्यासारखे काही नाही. स्पष्ट वाक्य त्याचेही तितकेच रक्षण करते.

मुलांना शिकवतानाही हेच करता येईल. ‘द लेटर इज टु बी सेंट’ हे वाक्य द्या आणि ‘ओन्ली’, ‘क्विकली’, ‘नेव्हर’, ‘टुमॉरो’ या चार चिठ्ठ्या त्यांच्या हाती ठेवा. कोणती कुठे बसते आणि बसल्यावर पत्राचे काय होते, ते त्यांनाच सांगू द्या. दोन-चार वेळा हसणे होईल, एखादे पत्र कधीच पोचणार नाही. पण नियम पाठ न करता डोक्यात बसेल.